हळदीचा रंग आणि लहान धंद्याचे दायित्व

हळदीच्या पेठेत भाव रंगाला मिळतो. शेतातून काढलेले कंद शिजवून वाळवले की वरची साल काळपट आणि खडबडीत राहते. फिरत्या पिंपात ती घासली गेली म्हणजे हळकुंड उजळते, आणि सौद्याच्या वेळी पोत्यात हात घालणारा खरेदीदार त्या उजळपणाकडे पाहूनच बोली वाढवतो. रंग हा येथे गुणाचा दाखला समजला जातो. परंतु दाखला म्हटला की तो बनावटही असू शकतो. असा बनावट दाखला तयार करण्याचे काम एखाद्या बलाढ्य कारखानदाराने नव्हे, तर मूठभर मजुरांच्या बळावर चालणाऱ्या लहान गिरण्यांनी केले, याचे अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण बांगलादेशाचे आहे. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या निर्धोकपणाची जबाबदारी लहान धंद्यावर किती टाकावी, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने प्रथम ते उदाहरण नीट समजून घ्यावयास हवे.

ऐंशीच्या दशकात त्या देशात आलेल्या एका मोठ्या पुरात हळदीचे पीक भिजले. माल नीट वाळला नाही आणि हळकुंडांचा रंग मंदावला. अशा मालाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा पॉलिश करणाऱ्या गिरण्यांत पिंपामध्ये एक पिवळी पूड टाकण्याची युक्ती निघाली. ही पूड म्हणजे लेड क्रोमेट. शिसे आणि क्रोमियम यांचे हे संयुग फर्निचरच्या व इतर रंगकामात पिवळ्या रंगासाठी वापरले जाते. बंगाली बाजारात तिला पेउरी, बासंती रंग अशी साधी नावे होती. घरगुती वाटावीत अशीच ती नावे आहेत. पूर ओसरला, पुढच्या हंगामांतली हळद व्यवस्थित वाळली, पण पूड मात्र पिंपात कायम राहिली. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. काही पोती झळाळू लागली की त्यांच्या शेजारची न रंगवलेली पोती फिकी ठरतात. घाऊक व्यापारी फिक्या मालाला कमी भाव देतो आणि सचोटीच्या गिरणीवाल्याकडचे काम शेजारच्या गिरणीत जाते. एका संकटावरचा तात्पुरता उपाय हा अशा रीतीने धंद्याचा प्रघात बनतो. त्या प्रघातात सामील झालेल्या माणसाला आपण विष कालवीत आहोत याची जाणीव असतेच असे नाही. गिऱ्हाइकाला पिवळा रस्सा आवडतो आणि आपण त्याची आवड पुरवतो, एवढेच त्याला ठाऊक असते.

हा प्रकार उघडकीला आला तो अन्नभेसळ खात्याच्या धाडीतून नव्हे. ग्रामीण बांगलादेशातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण मोठे का आढळते, याचा शोध अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार रोग संशोधन केंद्रातील संशोधक घेत होते. शिशाच्या समस्थानिकांचे परस्पर प्रमाण हे बोटांच्या ठशासारखे असते. रक्तातील शिसे आणि संशयित वस्तूंतील शिसे यांचे ठसे ताडून पाहता बोट हळदीकडे वळले. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिसे मेंदूवर, विशेषतः वाढत्या मुलांच्या मेंदूवर घाला घालते आणि त्याचे सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असलेली मुले जगात सुमारे ८० कोटी आहेत आणि त्यांपैकी २७ कोटींहून अधिक एकट्या भारतात आहेत. हे सारे शिसे हळदीतून येते असे अर्थातच नव्हे. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याच्या भट्ट्या, रंग, भांडी अशी त्याची अनेक मुळे आहेत. पण बॅटरीच्या भट्टीपासून मूल दूर ठेवता येते. रोजच्या वरणापासून ते कसे दूर ठेवणार?

बांगलादेशाने पुढे जे केले ते या भागातील शासनव्यवहाराकडे पाहता आश्चर्य वाटावे असे आहे. तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घाऊक बाजारात इशाऱ्याची पत्रके लावली, वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून धोका जाहीर केला, आणि फिरत्या न्यायालयासह ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली. हातात धरता येईल अशा क्ष-किरण यंत्राने जागच्या जागी शिसे दाखवले गेले. दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला आणि तो सर्वांना दिसेल अशा रीतीने झाला. २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. पॉलिश गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. या कामगारांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. ग्राहकाच्या आधी, आणि ग्राहकाहून कितीतरी अधिक, ती पूड नाकातोंडावाटे जात होती ती त्यांच्याच शरीरात.

लहान धंद्याच्या जबाबदारीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तिला दोन ठरावीक वळणे असतात. एक वळण भूतदयेचे. गरीब माणूस आहे, बचत गट आहे, घरगुती उद्योग आहे, त्याच्यामागे कायद्याचे लचांड लावू नये. दुसरे वळण दंडुक्याचे. भेसळ करणारा खुनी आहे, त्याला भर चौकात शिक्षा करावी. बांगलादेशाचा अनुभव या दोहोंपैकी कोणत्याच वळणावर बसत नाही. तेथे गुन्हेगार लहान होते म्हणून विषाचा परिणाम लहान झाला नाही. उलट, अवघ्या दोन व्यापाऱ्यांच्या दंडाने संपूर्ण प्रघात मोडला, याचा अर्थ शिक्षेच्या कठोरपणाहून तिचा निश्चितपणा आणि तिची जाहीर वाच्यता अधिक उपयोगी पडली. त्यातही महत्त्वाचे असे, की सगळ्यांनी एकाच वेळी पूड सोडली तर कोणाचाच तोटा होत नाही. तोटा होतो तो एकट्याने सोडणाऱ्याचा. ही गाठ एकेकट्या गिरणीवाल्याच्या सद्‌बुद्धीने सुटणारी नव्हती. ती बाहेरूनच सोडवावी लागली.

हा धोका केवळ शेजाऱ्यांचा नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २३ शहरांतून हळदीचे नमुने घेण्यात आले होते. पाटणा आणि कराची येथील काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण एका ग्रॅमला १,००० मायक्रोग्रॅमच्याही वर गेलेले आढळले. आपल्या २०११ च्या नियमावलीत हळदीसाठी ठरवलेली मर्यादा एका ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम अशी होती. बांगलादेशाची अडीच आणि युरोपीय संघाची कंदमूळ प्रकारच्या मसाल्यांसाठीची दीड आहे, हे लक्षात घेतले तर आपली मर्यादाच मुळात सैल होती असे म्हणावे लागते. त्याच अभ्यासात पाकीटबंद, नावाच्या मालापेक्षा सुट्या मालात दोष अधिक आढळला. ही गोष्ट लहान धंद्याच्या कैवाऱ्यांना आवडणार नाही, परंतु ती नजरेआड करून चालणार नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी येथे थोडे थांबावयास हवे. हा शब्द आज व्यापारात जेवढा चालतो तेवढा क्वचितच दुसरा कोणता चालत असेल. मधावर तो असतो, गुळावर असतो, उटण्यावर असतो, काष्ठौषधींच्या पुड्यांवर असतो. निसर्गातून आले ते निरुपद्रवी, असा त्यामागचा भाबडा समज आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातून पसरलेल्या जलोदराच्या साथीत साठांहून अधिक माणसे मरण पावली. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते, आणि पिवळा धोतरा काही रासायनिक कारखान्यात तयार होत नाही. तो शेताच्या बांधावर आपोआप उगवतो. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे तेथील वैद्यक परिषदेच्या नियतकालिकाने प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया परदेशी कारस्थानाची उमटली. कारस्थानाचा आरोप सोपा असतो, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. रसशास्त्रातील शोधित धातू ही एक गोष्ट आहे आणि कच्च्या मालातून नकळत शिरलेले शिसे ही दुसरी. पण या दोहोंतला फरकही तपासणीवाचून कळत नाही, हा मुद्दा मात्र त्या वादात बुडाला.

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक उपयुक्त वर्गीकरण आहे. काही वस्तूंचा गुण विकत घेण्यापूर्वीच डोळ्यांनी कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, आणि काहींचा वापरल्यावरही कळत नाही. तिसऱ्या वर्गाकडे डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये लक्ष वेधले. ते वस्तूंचे असे गुण होते, की ज्यांवर केवळ विश्वासच ठेवता येतो. आंबा आंबट निघाला तर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानी जात नाही. हळदीतील शिशाने मात्र पोट दुखत नाही, चव बिघडत नाही. दहा वर्षांनी मूल शाळेत मागे पडते तेव्हा त्याचा संबंध कोणी मसाल्याच्या डब्याशी जोडत नाही. ‘वाईट माल विकणारा आपोआप बाजारातून हद्दपार होईल’ हे बाजाराचे नेहमीचे आश्वासन येथे पूर्णपणे निकामी ठरते. किंबहुना १९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ यांनी दाखवून दिले त्याप्रमाणे, विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर वाईट मालच चांगल्या मालाला हुसकून लावतो. रंगवलेल्या हळकुंडाने न रंगवलेल्याला हुसकले ते याच न्यायाने. ‘पी हळद अन् हो गोरी’ या म्हणीत उतावळेपणाची थट्टा आहे. येथे उतावळेपणाचा दोषही गिऱ्हाइकाकडे जात नाही. ते कितीही थांबले, तरी त्याला कळणार काय?

मग कळते कोणाला? हळदीच्या प्रवासातील प्रत्येक टप्पा पाहिला तर उत्तर पुष्कळसे स्पष्ट होते. शेतकरी कंद पिकवतो आणि बहुधा शिजवून वाळवतोही. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने शेतकऱ्याला व त्याच्या पिकाला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्यानंतर पॉलिश, मग अडत्या, मग घाऊक व्यापारी, मग दळणारा, मग पाकिटे भरणारा, मग किराणा दुकानदार. या साखळीत हळकुंड अखंड स्वरूपात शेवटचे पाहतो तो दळणारा. त्याच्या जात्यात पडेपर्यंत हळकुंडाची साल घासून डोळ्यांपुढे धरता येते, बोटाला पूड लागते का ते पाहता येते, फोडून आतल्या आणि बाहेरच्या रंगाची तुलना करता येते. दळण झाले की वीस गावांची, वीस गिरण्यांची हळद एकजीव होते आणि तिचा इतिहास कायमचा पुसला जातो. अमेरिकेत २०२३ मध्ये सफरचंदाच्या गरातून शेकडो मुलांना शिशाची बाधा झाली, तेव्हा माग काढता काढता चौकशी इक्वाडोरमधील एका दालचिनी दळणाऱ्यापर्यंत येऊन थांबली. श्रीलंकेहून आलेल्या अखंड सालीत शिसे सापडले नव्हते. खंडोखंडी पसरलेल्या त्या व्यापारातही दोष शिरला तो जात्यापाशीच.

गावोगावच्या मसाला कांडप केंद्रांत गृहिणी स्वतः निवडून आणलेली हळकुंडे दळून नेते, तेथे प्रश्न फारसा येत नाही. माल तिचा आणि नजरही तिची. प्रश्न येतो तो घाऊक बाजारातून हळकुंडे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तयार पूड, घेऊन आपल्या नावाच्या पाकिटात भरणाऱ्याचा. महिला बचत गट, लहान मसाला उद्योग, शहरांतील ‘गावाकडची चव’ विकणारे घरगुती व्यावसायिक हे सगळे यात येतात. पाकिटावर नाव घातले त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी त्यांच्या माथी येते, मग हळद त्यांनी पिकवलेली नसो की पॉलिश केलेली नसो. पुष्कळांना याची कल्पनाही नसते. नोंदणीचा क्रमांक पाकिटावर छापला की सर्व झाले, अशी त्यांची समजूत असते. ती नोंदणीही किती सोपी! २०११ च्या नियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क एवढेच ठेवले. नोंदणी ही ओळखपत्रासारखी आहे. ती चारित्र्याचा दाखला नव्हे. पण पाकिटावरचा क्रमांक वाचणारे गिऱ्हाईक तिला तसेच समजते, आणि विकणाराही त्याचा समज दूर करण्याची घाई करीत नाही.

कायद्याने लहान धंद्याला सवलत कोठे दिली आणि कोठे दिली नाही, हे पाहण्याजोगे आहे. मागितलेल्या दर्जाचा माल न दिल्याबद्दल मोठ्या व्यावसायिकाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान उत्पादक, फेरीवाला, किरकोळ विक्रेता यांच्यासाठी त्याच कलमात ही मर्यादा २५ हजारांवर आणली आहे. असुरक्षित अन्नाविषयीच्या ५९ व्या कलमात मात्र अशी कोणतीही सूट नाही. माणूस दगावला तर किमान सात वर्षांचा कारावास, मग आरोपीची उलाढाल कितीही असो. या भेदामागचे तत्त्व योग्य आहे. हळदीत कणी जास्त निघाली, रंग उतरलेला निघाला, तर तो दर्जाचा प्रश्न आणि तेथे गरिबी पाहून हात आखडावा. शिसे निघाले तर विकणाऱ्याची गरिबी पाहणे म्हणजे त्याच्याहून गरीब असलेल्या खाणाऱ्यावर अन्याय करणे होय. सुटी, स्वस्त हळद घेतो कोण? मजूर, हमाल, महिनाअखेरीला पाव-पाव किलो सामान नेणारा कारकून. लहान विक्रेत्याची कड घेताना हा लहान ग्राहक अनेकांच्या दृष्टीआड होतो.

तथापि जबाबदारी ठरवणे सोपे आणि ती पार पाडण्याची ऐपत निर्माण करणे अवघड, हेही तितकेच खरे. प्रयोगशाळेतील तपासणीचा खर्च मालाच्या वजनावर ठरत नाही, नमुन्यावर ठरतो. समजा, एका नमुन्याला एक हजार रुपये पडले. वीस किलो हळद दळणाऱ्या बचत गटाला तो खर्च किलोमागे ५० रुपये येतो, आणि वीस टन दळणाऱ्या कारखान्याला पाच पैसे. निर्धोकपणाचा खर्च या स्वरूपाचा असल्यामुळे प्रत्येक नवा नियम मोठ्याला हलका आणि लहानाला जड जातो. मोठे कारखानदार कडक नियमांचे स्वागत करतात ते नेहमीच लोककल्याणाच्या तळमळीने करतात असे समजण्याचे कारण नाही. १९९८ च्या दिल्लीतील साथीनंतर खाद्यतेल पाकीटबंदच विकले जावे असा आदेश निघाला. हेतू चांगला होता, पण त्याचा भार पडला तो बाटल्या भरण्याची यंत्रे नसलेल्या घाण्यांवर. भेसळ कोणी केली आणि किंमत कोणी मोजली, यांचा मेळ बसला नाही. मसाल्यांच्या बाबतीतही दळलेला मसाला पाकीटबंद विकावा असा नियम २०११ पासून आहे. बाजारात फेरफटका मारला तर त्याचे पालन किती होते ते कोणालाही दिसते. जो नियम सगळेच मोडतात तो निरीक्षकाच्या हाती देऊन ठेवणे म्हणजे हप्त्याची सोय करून देणे.

या कोंडीतून निघण्याची एक वाट खुद्द कायद्यातच आहे आणि तिची चर्चा फारच थोडी होते. आवश्यक ती सर्व खबरदारी घेतली होती असे सिद्ध करणाऱ्याला ८० व्या कलमाने बचाव दिला आहे. माल पुरवणाऱ्याने केलेल्या तपासणीवर विसंबणे परिस्थितीनुसार रास्त होते, हे दाखवता आले तरी तो बचाव मिळू शकतो. शिवाय २६ व्या कलमान्वये अन्नपदार्थ विक्रेत्याला पुरवणाऱ्याने त्याच्या दर्जाची लेखी हमी दिली पाहिजे, आणि साधे बिल किंवा कॅश मेमो हीच अशी हमी समजली जाते. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेले बिल हे केवळ कराचे कागद नव्हेत. लहान धंद्याच्या दृष्टीने ते चिलखत आहे. आता पेठेत प्रत्यक्ष काय घडते? दोन पैसे वाचावेत म्हणून माल विनाबिल उचलला जातो. कर चुकला याचा आनंद दोघांनाही होतो. पण त्या व्यवहारात घाऊक व्यापाऱ्याने कराबरोबर आपली हमीही चुकवलेली असते आणि छोट्या पाकीटवाल्याने ती बिनबोभाट सोडून दिलेली असते. पुढे शिसे सापडले तर पाकिटावर नाव असते छोट्याचेच. कमी किमतीला माल मिळाला असे त्याला वाटते, पण वस्तुतः त्याने त्या सवलतीच्या मोबदल्यात दुसऱ्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो.

तेव्हा लहान धंद्याकडून अपेक्षा करावयाची ती प्रयोगशाळा उभारण्याची नव्हे. माल कोठून आला ते लिहून ठेवावे, बिलाशिवाय घेऊ नये, पूड न घेता हळकुंडेच घ्यावीत, आणि शक्य तर पॉलिश न केलेली घ्यावीत. दळायचेच असेल तर पॉलिशचा उपयोग तरी काय? रंग थोडा मंद येईल एवढेच. परंतु हे ‘एवढेच’ गिऱ्हाइकाला पटवणे हाच या धंद्यातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि नेमका तेथे लहान व्यावसायिक मोठ्याहून सरस ठरू शकतो. त्याचे गिऱ्हाईक त्याला ओळखते, त्याच्याशी बोलते. ‘आमची हळद जरा फिकी दिसेल, कारण ती घासलेली नाही’ हे वाक्य गल्लीतील दुकानदार तोंडाने सांगू शकतो, ते रंगीत जाहिरातीत सांगता येत नाही. याउलट ‘शंभर टक्के नैसर्गिक’ ही अक्षरे छापायला काहीच पडत नाही, म्हणून ती सर्वत्र दिसतात. जाहिराती व दावे यांसंबंधीच्या २०१८ च्या नियमावलीने ‘नैसर्गिक’ हा शब्द कोठे वापरावा यावर बंधने घातली आहेत. नैसर्गिक उगमाचा, ज्यात काहीही मिसळलेले नाही असा एकेरी पदार्थ, एवढीच त्याची कक्षा. स्वतःच्या मालात काय मिसळले आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तो शब्द पाकिटावर छापणे ही फसवणूक नसेल तर निदान बेफिकिरी तरी आहेच.

उरलेले काम सामूहिक आहे, आणि ते लहान धंद्याच्या गळ्यात बांधणे अन्यायाचे होईल. शिसे जागच्या जागी दाखवणारे क्ष-किरण यंत्र कित्येक लाखांचे असते. ते बचत गट घेऊ शकत नाही, पण ज्या बाजार समितीत दर हंगामात हजारो पोत्यांचे सौदे होतात तिला ते घेणे अशक्य नाही. सौद्यापूर्वी पोत्यांचे नमुने त्याखाली धरले आणि निकाल फळ्यावर लिहिला, तर तपासणीचा किलोमागचा खर्च नगण्य होतो, आणि त्याचा लाभ बाजारातून वीस किलो उचलणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. ढाक्यातील धाडीचे मर्म हेच होते. तेथे तपासणी घाऊक बाजारात झाली, म्हणजे साखळी जेथे सर्वांत अरुंद होती तेथे. आपल्याकडचे अन्न निरीक्षक मात्र सणासुदीच्या तोंडावर किरकोळ दुकानांतून नमुने उचलतात. निकाल येईपर्यंत तो माल संपलेला असतो.

महाराष्ट्राला या बाबतीत विशेष आस्था असावयास हवी. सांगलीची पेठ हळदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली, वसमतकडे या पिकाखालचे क्षेत्र मोठे आहे. मानांकनाचा अभिमान रास्त असला, तरी ते मालाचे गाव सांगते, मालाची शुद्धता सांगत नाही. परप्रांतातील रंगवलेल्या मालामुळे सगळ्याच हळदीवरचा विश्वास उडाला, तर मानांकनाच्या चिठ्ठीने तो परत येणार नाही. पुराची गोष्टही येथे परकी नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत आहे, आणि २००५ च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले. भिजलेल्या, रंग उतरलेल्या हळदीचे करायचे काय, हा प्रश्न बांगलादेशातील गिरण्यांनी एका रीतीने सोडवला. तो दुसऱ्या रीतीने सुटावा अशी इच्छा असेल, तर अशा मालासाठी रास्त नुकसानभरपाई हवी, आणि भाव रंगाऐवजी कुर्क्युमिनच्या प्रमाणावर ठरवण्याची सोय हवी. ज्या शेतकऱ्याला मंद रंगाच्या मालाचाही काही भाव मिळतो, त्याच्या मालाला पूड चोळण्यात कोणाला स्वारस्य राहत नाही.

कुर्क्युमिन मोजणे हे अर्थात शिसे मोजण्याहून वेगळे काम आहे, आणि दोन्ही एकदम सुरू होतील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. आधी शिसे मोजावे. नव्या हळदीची आवक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढू लागते. यार्डात यंत्र असेल तर त्या दिवसांत, पोती शिवलेली असतानाच, कोणाचा माल कोणत्या गिरणीतून आला ते विचारता येते. पावसाळ्यापर्यंत त्यातला बराचसा माल जात्याखाली गेलेला असतो, आणि मग पाकिटावरच्या नावाखेरीज विचारण्यासारखे कोणीच उरत नाही.